घट रुजतो त्या घरात झिनियाही रुजतो: बियांपासून हंगामी फुलं

नवरात्रात घट बसवणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, की तुम्हाला बी पेरता येतं. शेतातली काळी माती आणायची, चाळून टोपलीत किंवा पत्रावळीवर पसरायची, गहू नाहीतर सात धान्यं टाकायची, वर मातीचा पातळ थर द्यायचा, मधे कलश ठेवायचा आणि रोज हाताने पाणी शिंपडायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब दिसतात, नवव्या दिवशी धन वीतभर झालेलं असतं. हंगामी फुलझाडं बियांपासून करताना याहून फार वेगळं काही करायचं नसतं. मोठा फरक एकाच ठिकाणी आहे आणि नवख्या माणसाची रोपं नेमकी तिथेच जातात. देवघरातलं धन अंधारात वाढतं, म्हणून ते पिवळं आणि उंच होतं. त्याला ते शोभतं. झेंडूचं रोप मात्र तसं पिवळं, उंच आणि लवलवतं झालं, की त्याच्याकडून फुलांची आशा सोडायची.

म्हणून पेरणीनंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांबद्दल मी इथे सगळ्यात जास्त लिहिणार आहे. ते दिवस नीट निभावले तर पुढचं बरंचसं काम झाड आपणहून करतं.

आमचं घर पुण्यात. मागे दहा बाय बारा फुटांचा तुकडा आणि गच्चीवर वीस-बावीस कुंड्या, एवढीच माझी बाग. खाली दिलेल्या वेळा पुण्याच्या हवेच्या आहेत. कोकणात आणि गोव्यात हिवाळी फुलांची पेरणी दोन-तीन आठवडे उशिरा करावी. मराठवाड्यात आणि विदर्भात ऑक्टोबरचं ऊन ओसरेपर्यंत थांबावं.

आधी हंगाम, मग फूल

बहुतेकजण पाकिटावरचं चित्र पाहून बी घेतात. मीही पहिल्या वर्षी मे महिन्यात पॅन्सीचं पाकीट आणलं होतं. पॅन्सी थंडीतली. मेच्या उकाड्यात तिचं एकही बी वर आलं नाही आणि मला वाटलं, आपल्या हाताला गुण नाही. हाताचा काही संबंध नव्हता, महिना चुकला होता.

आपल्याकडे वर्षातून तीनदा पेरता येतं. मेअखेरपासून मृगाचा पाऊस स्थिरावेपर्यंत पावसाळी फुलं: झेंडू, झिनिया, तेरडा, कॉसमॉस, कोंबडा. गणपती उठल्यावर, सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत हिवाळी फुलं: पिटुनिया, फ्लॉक्स, डायन्थस, कॅलेंडुला, स्नॅपड्रॅगन, नॅस्टर्शियम, पॅन्सी. यांतली पॅन्सी आणि फ्लॉक्स सगळ्यात शेवटी, रात्री गार व्हायला लागल्यावर. जानेवारीच्या शेवटी ते फेब्रुवारीत उन्हाळी फुलं: सूर्यफूल, पोर्टुलाका (आपण जिला ऑफिस टाइम म्हणतो ती), गलांडा आणि पुन्हा झिनिया. अॅस्टर पुण्याच्या हवेत जवळजवळ वर्षभर येतो, पण सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेल्याला जो रंग चढतो तो इतर वेळी चढत नाही.

हिवाळी फुलं एकत्र पाहायची असतील तर जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधलं पुष्पप्रदर्शन गाठावं. तिथे आवडलेल्या फुलांची नावं वहीत लिहून आणायची आणि सप्टेंबरला ती वही उघडायची.

पहिल्या वर्षी फक्त तीन फुलं घ्या: झिनिया, झेंडू आणि तेरडा. तिघांचंही बी बोटांच्या चिमटीत धरता येतं, आठवड्याभरात उगवतं आणि छोट्या चुका पोटात घालतं. झिनियाचं बी चपटं, राखाडी, बाणाच्या टोकासारखं. झेंडूचं काळी सुई आणि तिच्या टोकाला फिकट कुंचा. तेरड्याचं मोहरीसारखं गोल. याउलट पिटुनियाचं बी म्हणजे निव्वळ धूळ, एका ग्रॅममध्ये आठ ते दहा हजार बिया. ती दुसऱ्या वर्षासाठी राहू द्या.

तेरड्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण म्हणीने त्याच्यावर अन्याय केलाय. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ हे एका फुलापुरतं खरं आहे. झाड मात्र पावसाळाभर खोडाला लागून फुलत राहतं, गुलाबी, पांढरं, लाल, जांभळं. झेंडू, झिनिया आणि कॉसमॉस मूळचे मेक्सिकोकडचे. तेरडा आपला, इथल्याच मातीतला. कोकणात गौरी म्हणून तेरड्याची रोपं घरात येतात. बियांपासून फुलं करायला शिकणाऱ्याने एक तरी वाफा तेरड्याचा करावा असं मला मनापासून वाटतं.

बी घेताना

पाकिटावर उगवणशक्तीची टक्केवारी आणि वैधतेची तारीख छापलेली असते. ती वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. झिनियाचं बी नीट ठेवलं तर दोन-तीन वर्षं चालतं, अॅस्टरचं मात्र वर्षभरातच म्हातारं होतं. दुकानात उन्हात टांगून ठेवलेलं पाकीट तारीख चांगली असली तरी नको.

‘एफ-वन’ लिहिलेलं बी संकरित असतं. त्याची फुलं एकसारखी, मोठी आणि देखणी येतात, पण त्या फुलांचं बी धरून पुढच्या वर्षी पेरलं तर तेच फूल मिळेल याचा भरवसा नाही. ज्यांना बी धरायची हौस आहे त्यांनी सुधारित सरळ वाण घ्यावेत. झेंडूत दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे पुसा नारंगी आणि पुसा बसंती आहेत. अॅस्टरमध्ये महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे फुले गणेश मालिकेतले वाण आहेत, पांढरा, गुलाबी, जांभळा असे.

दसऱ्याच्या तोरणातली उरलेली झेंडूची फुलं चुरगळून पेरायची पद्धत घरोघरी आहे. ती कधी साधते, कधी नाही. हारासाठी फूल ताजं असतानाच तोडतात, तेव्हा आतलं बी बहुधा कोवळं असतं. झाडावरच वाळून तपकिरी झालेलं फूल मिळालं तर मात्र जरूर पेरा.

माती आणि भांडं

बी रुजवायला बागेतली माती वापरू नका. काळी माती पाणी धरून बसते, वाळली की तडकते आणि तिच्यात आधीचं तण आणि बुरशी असतेच. दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चाळलेलं गांडूळखत, अर्धा भाग जाड वाळू, हे माझं मिश्रण. कोकोपीटची वीट भिजवून दोनदा पिळून घ्या, त्यातला खार निघून जातो. ओलं ताजं शेण घालू नका, कोवळी मुळं त्याने भाजतात.

ओल किती असावी ते मुठीत धरून पाहायचं. मिश्रण घट्ट दाबलं की बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब यावा आणि मूठ उघडल्यावर लाडू मोडू नये. धार लागली तर जास्त झालं, लाडू सुटला तर कमी.

भांडं म्हणून प्रो ट्रे चांगला. शेतकरी भाजीची रोपं ज्यात करतात तो खाचांचा काळा ट्रे कृषी सेवा केंद्रात मिळतो. नसेल तर दह्याचे कप, मिठाईचा प्लॅस्टिकचा डबा, काहीही चालेल. दोन-तीन इंच खोली हवी आणि तळाला भोकं हवीतच.

पेरणी

मिश्रण भरून भांडं एकदा जमिनीवर आपटा, म्हणजे आतल्या पोकळ्या बसतात. मग काडीने ओळ ओढा आणि बी टाका. बी जेवढं जाड, त्याच्या दोन ते तीन पट मिश्रण वर यायला हवं. झिनिया, झेंडू आणि तेरड्याला अर्धा सेंटिमीटर पुरे. खोल गाडलेलं बी वर येता येताच दमतं.

काही बियांना रुजायला उजेड लागतो: पिटुनिया, पोर्टुलाका, स्नॅपड्रॅगन. ही बारीक बी कोरड्या वाळूत मिसळून वर भुरभुरायची, बोटाने हलकं दाबायचं आणि उघडीच ठेवायची. फ्लॉक्स, पॅन्सी, कॅलेंडुला आणि नॅस्टर्शियमला उलट अंधार लागतो, त्यांना नीट झाका. नॅस्टर्शियम आणि स्वीट पीचं बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवलं तर लवकर फुटतं.

वरून झारीने पाणी ओतलं की बी एका कोपऱ्यात वाहून जाते. त्यापेक्षा परातीत बोटभर पाणी घ्या आणि भांडं दहा-पंधरा मिनिटं त्यात ठेवा. खालून ओल चढते, वरचा थर ओलसर काळपट दिसू लागला की उचला. मग उजेड लागणाऱ्या बिया सोडून बाकीच्यांवर वर्तमानपत्राचा कागद झाका आणि भांडं सावलीत ठेवा. आइसक्रीमच्या काडीवर नाव आणि तारीख पेन्सिलीने लिहा. पेनची शाई पाण्याने जाते आणि महिन्याभराने कुठलं रोप कशाचं हे घरात कुणालाच सांगता येत नाही.

आता मुंग्या. उगवलंच नाही अशी तक्रार होते, तेव्हा पुष्कळदा बी मुंग्यांनी वाहून नेलेलं असतं. पूर्वी जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे, तेच इथे करा. चार वाट्या पाणी, त्यात चार विटांचे तुकडे, वर ट्रे. माझ्या घरी या एका उपायाने निम्म्याहून जास्त बी वाचलं.

ते तीन आठवडे

झेंडू आणि झिनिया चार ते सात दिवसांत उगवतात, तेरडा आठवड्याभरात, अॅस्टर आणि पिटुनिया आठ ते बारा दिवसांत. कागद सकाळ-संध्याकाळ उचलून बघायचा. पहिली चार-पाच रोपं मान वर काढताना दिसली की त्याच क्षणी कागद काढायचा. ‘अजून बाकीची येऊ देत’ म्हणून एक दिवस थांबलात, तर ती चार-पाच घटातल्या धनासारखी पिवळी होऊन वाढतील आणि पुढे कधीच सावरणार नाहीत.

कागद काढला की ट्रे लगेच उजेडात. पहिले दोन-तीन दिवस सकाळचं कोवळं ऊन तीन-चार तास, नंतर सहा तासांपर्यंत वाढवत न्या. घरातल्या खिडकीचा उजेड आपल्याला भरपूर वाटतो, रोपाला तो संधिप्रकाशासारखा असतो. ज्यांच्याकडे खिडकीच आहे त्यांनी निदान ग्रिलच्या बाहेरच्या कडेला ट्रे ठेवावा आणि रोज फिरवावा, म्हणजे रोपं एकाच बाजूला झुकणार नाहीत. दिवसातून एकदोनदा रोपांच्या डोक्यावरून तळहात हलकेच फिरवा. वाऱ्याने हलल्यासारखं होतं आणि खोड आखूड व दणकट होतं.

पाणी फक्त सकाळी, खालूनच. वरचा थर कोरडा दिसू लागला की पाणी, रोज घड्याळ लावून नाही.

हे मी फार जड किंमत देऊन शिकले. एका सप्टेंबरात अॅस्टरची चाळीसएक रोपं उगवली होती, नखाएवढी दोन पानं, एकही मागे राहिलेलं नाही. दिवस ढगाळ होता. संध्याकाळी घरी आले, माती थोडी सुकल्यासारखी वाटली, म्हणून झारीने वरून पाणी दिलं आणि रात्री पाऊस आला तर म्हणून प्लॅस्टिक झाकलं. सकाळी निम्मी रोपं आडवी. पानं अजून हिरवीगार, पण मातीच्या रेषेवर खोड तपकिरी आणि दोऱ्याने आवळल्यासारखं बारीक झालेलं. दुपारपर्यंत उरलेली निम्मीही गेली. मी त्या ट्रेसमोर बसून रडले होते.

याला रोपं कोलमडणं म्हणतात. मातीतल्या बुरशीने हे होतं आणि एकदा आडव्या झालेल्या रोपावर इलाज नाही. ते रोप आजूबाजूच्या चमचाभर मिश्रणासकट काढून फेकायचं, पाणी थांबवायचं, हवा खेळती करायची आणि ट्रे उजेडात न्यायचा. पेरताना मिश्रणात ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) पावडर पाकिटावरच्या प्रमाणात घातली तर धोका बराच कमी होतो. मी ती आता कधीही चुकवत नाही.

दाटी झाली असेल तर विरळणी करा. जादा रोपं उपटू नका, शेजारच्याची मुळं हलतात. छोट्या कात्रीने मातीलगत कापा. आपणच उगवलेली रोपं कापणं जिवावर येतं, हे मला कळतं. पण एका खाचेत तीन ठेवली तर तिन्ही काडीसारखी राहतात. खरी पानं, म्हणजे पहिल्या गुळगुळीत जोडीनंतरची पानं, दोन जोड्या झाली की दहा पट पाण्यात पातळ केलेलं गांडूळपाणी (गांडूळखतातून झिरपलेलं पाणी) आठवड्यातून एकदा द्या.

जागेवर लावणं

तीन-चार आठवड्यांत चार ते सहा खरी पानं येतात, तेव्हा रोप हलवायचं. त्याआधी चार-पाच दिवस पाणी जरा कमी आणि ऊन जरा जास्त देऊन त्याला काटक करा.

वाफ्यातली माती वीतभर खोल खणून, ढेकळं फोडून, कुजलेलं शेणखत मिसळा. काळ्या मातीत गादीवाफा, म्हणजे जमिनीपेक्षा थोडा उंच वाफा केला तर पावसाचं पाणी मुळाशी साचत नाही. लागवड संध्याकाळी, शक्यतो ढगाळ दिवशी. रोप पानाला धरून उचला, खोडाला नाही. पान फाटलं तर नवं येतं, खोड चिरडलं की संपलं. झेंडूचं रोप थोडं उंच झालं असेल तर पहिल्या पानांपर्यंत मातीत दाबलं तरी चालतं, त्या खोडाला मुळं फुटतात.

अंतर ठेवताना नवखा हात आखडतो. मोठ्या गोंड्याच्या झेंडूत दीड फूट, बुटक्या झेंडूत वीतभर, झिनिया आणि तेरड्यात फूटभर. कुंडीत लावायचं तर दहा इंची कुंडीत मोठा झेंडू एकच. सुरुवातीला वाफा रिकामा दिसतो. दिसू द्या.

कॉसमॉस, सूर्यफूल, स्वीट पी आणि नॅस्टर्शियमला हलवलेलं आवडत नाही, त्यांचं बी थेट जागेवर टोकावं.

दसऱ्याला घरचा झेंडू हवा असेल तर बी तीन महिने आधी पेरायला हवं. बियांपासून गोंड्यापर्यंत साधारण ७५ ते ९० दिवस जातात. पंचांगात दसरा बघून उलटे दिवस मोजा.

शेंडा खुडा

झिनियाला पानांच्या चार-पाच जोड्या आल्या की वरचा शेंडा नखाने खुडून टाका. झेंडूलाही आणि कॉसमॉसलाही. शेंड्यात तयार होणारं संप्रेरक बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की ते डोळे फुटतात, एका काडीच्या जागी चार-सहा फांद्या होतात आणि प्रत्येक फांदीला फूल येतं. पहिलं फूल आठ-दहा दिवस लांबतं, त्याची भरपाई पुढे दामदुप्पट होते. कोंबड्याचा, सूर्यफुलाचा आणि तेरड्याचा शेंडा मात्र खुडू नका. कोंबड्याचा तुरा शेंड्यावरच येतो.

खताचा हात आवरा. शेणखत घातलेल्या वाफ्यात महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत पुरतं. नत्र जास्त झालं की झाड नुसतं पानांनी माजतं. कॉसमॉस तर हलक्या जमिनीतच जास्त फुलतो.

सुकलेली फुलं दर दोन-तीन दिवसांनी काढत जा. झाडाचा सगळा खटाटोप बी धरण्यासाठी असतो. बी धरलं की काम झालं म्हणून ते फुलायचं थांबतं. झिनियाचं फूल नुसतं तोडू नका, खालच्या पानांच्या जोडीच्या वर कापा. त्या बेचक्यातून दोन नवीन फांद्या येतात.

रोग-कीड, थोडक्यात

मावा दिसला की पाण्याची जोरदार फवारणी, दोन-तीन दिवस सलग. नाही हटला तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी पानांच्या खालून. उन्हाळ्यात पानं फिकट ठिपक्यांची झाली आणि मागे बारीक जाळं दिसलं तर तो लाल कोळी, त्यालाही हेच. झिनियावर पावसाळा सरताना पिठासारखी भुरी येते. अंतर मोकळं ठेवलं आणि पाणी पानांवर न ओतता बुंध्याशी दिलं तर ती उशिरा येते. आलीच तर खालची पानं काढून टाका आणि लिटरला दोन ग्रॅम विद्राव्य गंधक फवारा, पण कडक उन्हात नको, पानं करपतात. गोगलगायींना रात्री टॉर्च घेऊन हाताने वेचणं याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

बी धरणं

हंगामाच्या शेवटी सगळ्यात निरोगी, सगळ्यात देखण्या झाडाची चार फुलं खुडू नका. त्यांना फीत बांधून ठेवा, नाहीतर घरातलं कुणीतरी पूजेला तोडतंच. झिनिया आणि झेंडूचं फूल झाडावर पूर्ण वाळून तपकिरी झालं की काढा, सावलीत आठवडाभर वाळवा, कागदी पाकिटात घाला. पाकिटावर नाव, रंग आणि महिना. पाकिटं हवाबंद डब्यात फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत किंचित ओल राहिली तरी बुरशी धरते.

तेरड्याची बोंडं घरातल्या लहान मुलांकडे सोपवा. हिरवं, लव असलेलं बोंड फुगून थोडं पिवळसर दिसू लागलं की ते तयार. मुलाच्या हाताची ओंजळ बोंडाखाली धरायची आणि बोटाने अलगद दाबायचं. बोंड टचकन फुटतं, साल अळीसारखी गुंडाळली जाते आणि तपकिरी बिया ओंजळीत उडतात. थोड्या निसटून वाफ्यात पडतात, त्या वेचत बसू नका. मृगाच्या पहिल्या सरींनंतर त्या जागी खुरपं चालवायच्या आधी आठ दिवस थांबा. जाडसर दोन पानांची फिकट हिरवी रोपं आपणहून उगवलेली दिसतील. दाटी असेल तिथली ओल्या मातीसकट उचलून फूट-फूट अंतरावर लावा.